जुळ्या शेळ्यांची पोटं

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या जंतुविभागात मी नोकरी करते, आणि इतकी वर्षं पगार घेते तो गोल मोजण्याचा. काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवायचा, त्यात औषधाचा थेंब सोडायचा, बशी उबेत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. थेंबाभोवतीचे जंतू मेले की तिथे स्वच्छ गोल दिसतो. गोल जेवढा मोठा तेवढं औषध कडक. मोजपट्टी लावून आकडा लिहिताना मला अजूनही ओटा लख्ख पुसून झाल्यावर होतो तसा आनंद होतो.

कुंभवलीत प्रत्येक घरातलं एक माणूस तरी कंपनीत आहे, आणि त्यामुळे प्रत्येक घरात एक अर्धा डॉक्टर आहे. गोळ्यांच्या पाकिटांवर नुसतं लेबल चिकटवणारा माणूससुद्धा शेजाऱ्याला ताप आला की कुठली गोळी घ्यायची ते छातीठोकपणे सांगतो. मी तर थेट जंतुविभागातली. माझा तोरा काय सांगावा. सर्दी कुणाला झाली, पोट कुणाचं बिघडलं, की मी विचारण्याची वाट बघत नसे.

माझ्या सासूनं मात्र मला कधी काही विचारलं नाही. तिचं सगळं शास्त्र शेळ्यांमधलं. घरामागच्या चिकूच्या वाडीत तिच्या दोन-तीन शेळ्या कायम असतात, आणि कुठलीला काय पचतं हे तिला तोंडपाठ. एकीला फणसाचा पाला चालतो, दुसरीला त्यानं पोट फुगतं. एक शेवगा खाऊन दूध वाढवते, एक शेवगा खाऊन दोन दिवस रुसते. मी एकदा म्हटलं, "आई, शेळ्याच त्या. सगळ्यांची पोटं सारखीच." ती म्हणाली, "तुजा नि तुज्या नवऱ्याचा पोट सारका हाय का? त्याला वालाची उसळ घालून बग." मी गप्प बसले, कारण घातली होती.

त्यातल्या दोन शेळ्यांची ही गोष्ट. जुळ्या बहिणी, एकाच दिवशी आमच्याच पडवीत जन्मलेल्या, दोघी तांबूस, दोघींचा डावा कान पांढरा. दूध सुटल्यावर एक आमच्याकडे राहिली आणि दुसरी सासूनं नवापूरच्या मावशीला दिली. ही मावशी आम्हाला मासळी द्यायला येते. दारात टोपली उतरवते, चहा पिते, आणि सासूशी अर्धा तास बोलल्याशिवाय उठत नाही. त्यांची मैत्री माझ्या लग्नाच्या आधीपासूनची.

नवापूरला गेलेली बहीण समुद्राकाठी वाढली आणि पक्की कोळीण झाली. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांखाली फिरायची, खाली पडलेली डोकी मटकावायची, जवळ्यात तोंड घालायची, आणि वर ठणठणीत. आमची इतकी सोवळी, की मावशीची टोपली दारात आली तरी नाक मुरडून वाडीच्या टोकाला जाई. मला याची फार गंमत वाटायची. एका आईची, एका दिवसाची, आणि तरी एकीचं जेवण दुसरीला वासानंही नको. चवीची आवड असेल, म्हणून मी सोडून दिलं. आयुष्य जंतूंमध्ये काढूनही यात जंतूंचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या लेखी जंतू म्हणजे मारायची गोष्ट.

गेल्या वर्षी भातकापणी उरकल्यावर सासू तीन दिवस मनोरला भावाकडे गेली. आमची शेळी तेव्हा नुकतीच व्यालेली होती. दोन पिल्लं, तीन आठवड्यांचीही नव्हती, दिवसभर आईच्या पोटाखाली. निघताना सासूनं मला गोठ्यापाशी नेलं, कुठला पाला कधी, पाणी किती, सगळं सांगितलं, आणि म्हणाली, "काय वाटला तर मला फोन कर. आपल्या मनाचा काय करू नको." मला जरा रागच आला. बशीत जंतू वाढवणाऱ्या बाईला शेळी सांभाळता येणार नाही का, असं वाटलं.

त्याच दिवशी दुपारी शेळीला पातळ जुलाब सुरू झाले. बांधावरचं ओलं कोवळं गवत जास्त खाल्लं असावं. फोन करायला हवा होता. मी केला नाही. फ्रिजच्या दारात माझ्याच घशाच्या दुखण्यातल्या तीन कॅप्सूल उरल्या होत्या. पाच दिवसांचा कोर्स मी तिसऱ्या दिवशी बरं वाटल्यावर सोडून दिला होता, म्हणजे तिथेही माझं शहाणपण उरलेलंच होतं. कॅप्सूल उघडली, पूड गुळाच्या पाण्यात कालवली आणि शेळीला पाजली. दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी एक, संध्याकाळी एक. जुलाब थांबले. कशानं थांबले ते गुपित ठेवून मी नवऱ्याला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "आईला सांगितलंस का?" मी म्हटलं, "आल्यावर सांगेन. जरा कौतुक होऊ दे."

सोमवारी सकाळी शेळीनं पाल्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. दुपारी ती एका कोपऱ्यात बसली. पिल्लं ढुशा देत होती, पण दूध उतरत नव्हतं. आमच्या मागच्या खोलीत उत्तर प्रदेशातला एक भाडेकरू राहतो, त्यानं कुंपणावरून डोकावून विचारलं, "आंटी, बकरी को गैस हुआ है क्या?" मी त्याला ओवा आणायला पाठवलं. माझं कौतुक आता ओव्यावर आलं होतं.

सासू संध्याकाळी आली. चप्पल काढायच्या आधी तिनं गोठ्याकडे पाहिलं आणि पिशवी ओट्यावर ठेवून सरळ तिकडे गेली. शेळीच्या डाव्या कुशीवर मूठ दाबून बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ही रवंथ करीत नाय. पोट गप हाय. काय खाल्ला हिनं?"

"काही नाही," मी म्हटलं. "सकाळपासूनच अशी आहे."

एवढंच बोलले मी. खोटं म्हणावं तर अर्धंच, सकाळपासून ती खरंच तशी होती. पण ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हाच मला कळलं की आता मागे येता येणार नाही. सासूनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं. सासू शिव्या देते ते मला चालतं, तिचा तो सरळ विश्वास मात्र त्या संध्याकाळी मला नकोसा झाला.

तिनं बाजारातून गाईचं दूध मागवलं, जुनी बाटली उकळली आणि पिल्लांना मांडीवर घेऊन पाजायला बसली. त्यांनी अर्धं सांडलं. "आई उठली नाय तर ही दोन जगायची नायत," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, पिल्लांना सांगितल्यासारखं.

मंगळवारी मासळीवाली मावशी आली. टोपली खाली न ठेवताच तिनं शेळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "वैनी, ही रवंथ इसरलीय. दुसरीचा घास दे हिला."

ही आमच्याकडची जुनी रीत, मला तोवर ठाऊक नव्हती. जनावर रवंथ करायचं थांबलं, की दुसरं धडधाकट जनावर रवंथ करत असताना त्याच्या तोंडातला चघळता घास काढून घ्यायचा आणि आजारी जनावराच्या घशात घालायचा. माझ्या अंगावर शहारा आला. आयुष्यभर हातमोजे घालून, स्पिरिट लावून काम केलेली मी, आणि या दोघी शांतपणे उष्टा, लाळेनं भिजलेला चोथा एकीच्या तोंडातून दुसरीच्या तोंडात घालायचं बोलत होत्या.

आणि मग शहारा जिथल्या तिथे राहिला. शेळीच्या पोटात पाला सडवून पचवणारे जंतू असतात, हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं. पाला शेळी पचवत नाही, ते पचवतात. आणि मी त्यांच्यावर तीन कॅप्सूल सोडल्या होत्या. एवढी वर्षं बशीत बघितला तो स्वच्छ गोल आता आमच्या शेळीच्या पोटात होता, आणि मीच तो काढला होता.

तेव्हा तरी सांगायचं. नाही सांगितलं. उलट अपराधी माणूस जसा जास्त आवाजात मदत करतो तशी मी पुढे सरसावले. "घास द्यायचा तर बहिणीचा द्या," मी म्हटलं. "नवापूरच्या. जुळी आहे, रक्त एक आहे. पोटही तेच असणार."

सासू म्हणाली, "ती सुका मासा खाते. हिला तिचा काय उपेग? आपली म्हातारी हाय की."

म्हातारी म्हणजे आमची दुसरी शेळी. मनोरच्या बाजारातून आणलेली, काळी, भांडखोर, आता न विणारी. या बहिणींशी तिचं काहीच नातं नव्हतं. मी माझं शास्त्र पाजळलं. रक्त, बीज, जुळेपण, सगळं ऐकवलं. सासू दमलेली होती, रात्रभर पिल्लांनी झोपू दिलं नव्हतं. "जा मग," ती म्हणाली, "आण तुजा तो घास."

मी कंपनीत रजा टाकली, स्कूटरवर मावशीला मागे बसवलं आणि नवापूर गाठलं. बरोबर गरम पाण्यानं ऊब दिलेला थर्मास, कारण जंतू थंड पडता कामा नयेत एवढं मला कळत होतं. किनाऱ्यावर मावशीच्या मांडवाखाली ती बहीण निवांत रवंथ करत पडली होती. मावशी म्हणाली, "मानेत गोळा वर येताना दिसला की जबडा धर. घाबरू नको, म्होरं वरचे दात नसतात त्यांना." हे खरं आहे. मागे दाढा असतात हे तिनं सांगितलं नाही. माझं बोट त्या दाढांत सापडलं, मी किंचाळले, शेळीनं घास गिळला आणि बाजूच्या बायका जाळी सोडून हसायला बसल्या. चौथ्या वेळी घास मिळाला. हिरवट, गरम, बोंबलाच्या वासाचा. तो थर्मासात घालून मी विजयी वीरासारखी परत आले, बोटाला मावशीच्या पदराची चिंधी बांधून.

सासूनं तो घास शेळीच्या जिभेच्या मुळाशी ठेवला. शेळीनं तो बाहेर टाकला. परत ठेवला, तोंड धरलं, थोडा गेला असेल. बुधवारी सकाळपर्यंत काही फरक नव्हता. शेळीनं मान जमिनीला टेकली होती आणि पिल्लं तिच्याकडे जायची थांबली होती.

मग मी पालघरहून जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. तरुण मुलगी, गुडघ्यापर्यंत बूट, बोलणं भरभर. तिनं ताप बघितला, कुशीला कानातली नळी लावून ऐकलं, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गेल्या चार दिवसांत कुठलं औषध तोंडावाटे दिलं का? प्रतिजैविक वगैरे?"

सासू म्हणाली, "नाय बाय. आमी काय दिला नाय."

डॉक्टरीण इंजेक्शनची सुई उघडत होती. सासू शेळीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. नाही म्हटलेलं तसंच राहू दिलं असतं तर कुणाला कधी कळलं नसतं. पण मला हेही माहीत होतं, की औषध कधी दिलं ते कळल्याशिवाय घास कधी घालायचा ते ठरणार नाही, आणि चुकीच्या दिवशी घातला तर नवे जंतूही जुन्यांच्या वाटेनं जातील. खोटं बोलून मला फक्त माझी अब्रू वाचवता येत होती. शेळी नाही.

"मी दिलं," मी म्हटलं. "शनिवारी एक, रविवारी दोन. माझ्या घशाच्या कॅप्सूल."

सासूनं वर पाहिलं. मग शेळीचं डोकं मांडीवर नीट घेतलं. डॉक्टरीण मात्र बोलली, आणि मला बोलायला हवं होतं तेवढं बोलली. मग शांत होऊन तिनं समजावलं. बरेच जंतू पिल्लू जन्मल्यावरच पोटात येतात. आई चाटते त्यातून, आचळातून, ज्या मातीत तोंड घालते तिच्यातून, ज्यांच्याबरोबर खाते त्यांच्या लाळेतून. मग जे खाल तसे ते बदलतात, औषधानं मरतात, वयानं पालटतात. रक्ताचा थोडा हात असतो, नाही असं नाही, पण रक्त एकटं काही करत नाही. "जुळ्या असल्या तरी वर्षानुवर्षं एक मासे खाते, एक पाला खाते. दोघींची पोटं आता दोन वेगळी गावं आहेत. हिच्याबरोबर एका दावणीला पाला कोण खातं?"

"म्हातारी," सासू म्हणाली.

"मग तिचा द्या. उद्यापासून, दिवसातून दोनदा. आणि आता तोंडावाटे दुसरं काही नाही."

त्या दिवसापासून सासू माझ्याशी बोलायची बंद झाली. भांडली असती तर मीही दोन शब्द परत केले असते आणि मोकळी झाले असते. तिनं जेवण वाढलं, ताट पुढे सरकवलं, आणि तोंड फिरवलं. नवरा मध्ये पडायला गेला तर त्यालाही फिरवलं.

पण शेळीला घास द्यायला आम्ही दोघी लागणारच होतो. सासूची बोटं सांधेदुखीनं वळत नाहीत. म्हातारी तिच्याशिवाय कुणाला मान धरू देत नाही. म्हणून ती म्हातारीची मान काखेत धरायची आणि मी तोंडात बोट घालायची. घसा हलताना दिसला की सासू नुसती मान हलवायची, मी गालफडातला घास ओढायची, आणि दोघी धावत आजारीपाशी जायचो. गुरुवारी दोनदा, शुक्रवारी दोनदा. दोघींच्या अंगाला तोच वास, आणि एक शब्द नाही. शुक्रवारी शेळीनं घास बाहेर टाकला नाही. तोंडात घोळवला आणि गिळला. सासूनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही हे आठवून दुसरीकडे पाहिलं.

शनिवारी दुपारी मी कपडे वाळत घालत होते. गोठ्यातून बारीक, कोरडा, दळल्यासारखा आवाज आला. जाऊन पाहिलं तर शेळी उभी होती, खालचा जबडा बाजूला सरकवत, डोळे अर्धे मिटून चघळत होती. तिचा स्वतःचा घास. सासू आधीच तिथे होती, मातीत बसलेली. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. सासू म्हणाली, "औशद दिलास त्याचा मला काय नाय. मी पन तरनेपनी एक बोकड मारलाय आपल्या शानपनानं. पन मी इचारला तवा तू बोलली नायस." आणि उठून पिल्लं आणायला गेली.

पिल्लं वाचली, दूध हळूहळू परत आलं, मावशी येऊन बघून गेली. घर बोलायला लागलं, पण आमच्या दोघींमध्ये काही तरी उभंच राहिलं. सासू पुढल्या वेळी मनोरला गेली तेव्हा पाला-पाण्याचं सगळं तिनं मागच्या खोलीतल्या भाडेकरूला सांगितलं, तोडक्यामोडक्या हिंदीत, माझ्यादेखत. तो बिचारा माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली आणि तांदूळ निवडत राहिले.

या पावसाळ्यात सासूला पोटाचा त्रास झाला. बोईसरच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, नवऱ्यानं आणल्या. एका सकाळी मी डबा भरत असताना ती माझ्यापाशी आली आणि गोळी हातावर धरून म्हणाली, "ही जेवनाच्या आदी घेऊ का नंतर? कालपासून गरगरताय. घेऊ का नको घेऊ?"

मी पाकीट वाचलं. नाव ओळखीचं होतं. ते औषध बशीत केवढा गोल पाडतं ते मला झोपेतही सांगता आलं असतं. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला, रक्तदाबाच्या गोळीबरोबर, गरगरत असताना ते चालतं का, हे मला माहीत नव्हतं. आधीची मी असते तर काही तरी ठोकून दिलं असतं.

"मला माहीत नाही, आई," मी म्हटलं. "डॉक्टरांना विचारते. तोवर घेऊ नका."

तिनं गोळी मुठीत धरली. मग ओट्याला टेकून बसली आणि म्हणाली, "बरा झाला. लाव फोन."

फोन दोनदा लागला नाही. कंपनीची बस चुकली. गोळी तिनं पदराच्या टोकाला बांधली आणि डॉक्टरांनी फोन उचलेपर्यंत माझ्या शेजारी बसून राहिली. मग म्हणाली, "परवा मी मनोरला चाललीय. शेळ्यांचा तू बग."